हळू चालवताना हँडल साथ देत नाही: सेकंड हँड मोटरसायकल घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

नागपूरच्या वर्धा रोडवर गाडी साठला मजेत चालते, पण बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत शिरली की हँडल ऐकत नाही. जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या आठवड्यात येणारी ही तक्रार आहे. खालचे प्रश्न आमच्याकडे गाडी घेऊन येणाऱ्यांचेच आहेत, काही तर त्यांच्याच शब्दांत. उत्तरं गिअरच्या साध्या मोटरसायकलींसाठी आहेत: स्प्लेंडर, शाईन, पल्सर, बुलेट या घरातल्या. स्कूटरचं शेवटी थोडक्यात.

"हँडल बरोबर नाही" एवढं सांगून भागत नाही का?

नाही भागत. "हँडल बरोबर नाही" म्हणणाऱ्या चार जणांच्या गाड्यांत चार वेगळे दोष निघतात. म्हणून आधी हे ठरवा की गाडी नेमकं करते काय. सिग्नलला सरकताना डुलते? वळायला जड जाते? थोडी वळवली की एकदम आत पडते? एकाच बाजूला ओढते? की हँडल मधोमध आल्यावर हाताला टक् असं काही लागतं? डुलणं आणि टक् लागणं याचा रोख कोन सेटकडे, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरतं तिथल्या बेअरिंगकडे, जातो. जड जाणं आणि आत पडणं बहुतेकदा हवा आणि टायरमधून येतं. एका बाजूला ओढत असेल तर चाकांची रेषा (दोन्ही चाकं एका ओळीत आहेत का), पुढचे शॉकअप किंवा चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, बघावं लागतं. मिस्त्रीकडे जाताना लक्षण सांगा, दोषाचं नाव तुम्ही सांगू नका. "कोन सेट गेलाय" असं तुम्हीच म्हणालात तर तो कोन सेटच बदलून देईल, आणि ओढणारी गाडी तशीच ओढत राहील.

"भाऊ, फास्टमध्ये मस्त चालते, हळूमध्येच डुलून राहिली. असं काहून?"

दुचाकीला वेग आला की ती बरीचशी आपली आपण उभी राहते. पंधरा-वीसच्या खाली आली की तो आधार जवळपास संपतो. मग गाडी ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवून आपण तिला परत सावरतो. हे सतत चालू असतं आणि आपल्या लक्षातही येत नाही. या हालचाली फार बारीक असतात, एखाद-दोन अंशांच्या.

आता हँडल नळीत जड फिरत असेल तर काय होतं बघा. गाडी उजवीकडे कलली, तुम्ही हलकं वळवलं, हँडल हललंच नाही. थोडा जोर लावला तर एकदम सुटून हवं त्यापेक्षा जास्त वळलं. मग उलट्या बाजूला सावरलं, तिथेही तेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चालवणारा नवखा आहे. वेगात हीच गाडी सरळ वाटते, कारण तिथे वळण्याचं बरंचसं काम गाडी कलवून होतं आणि हँडल फार हलवावंच लागत नाही.

म्हणून आम्ही एक ढोबळ नियम धरतो. हळूमध्ये डुलणं ही बहुधा जडपणाची खूण आहे, आणि वेगात हँडल थरथरणं ही बहुधा ढिलेपणाची किंवा टायर-रिमची. याला अपवाद आहेत, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

गाडी घ्यायच्या आधी, मालकासमोर, पाना न लावता काय बघता येईल?

पुष्कळ काही. आधी गाडी बंद असताना डबल स्टँडवर लावा आणि कोणाला तरी मागच्या कॅरिअरवर भार द्यायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. त्या अवस्थेत कोन सेट तपासा. त्याची पद्धत पुढच्या प्रश्नात आहे. मग पुढचं चाक हाताने फिरवा. ते घासत फिरतं का, रिम डावी-उजवीकडे लचकते का, ते बघा. चाक वर-खाली धरून आडवं हलवा. बेअरिंग गेलं असेल तर हाताला कळतं.

त्यानंतर गाडी खाली घ्या, चालू करा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. इंजिनाचा आवाज वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय.

मग चालवायला घ्या, पण रस्त्यावर नको. आपल्याकडे प्रत्येक ले-आऊटमध्ये, म्हणजे वसाहतीत, एखादं मोकळं मैदान असतंच. तिथे लायसन्सच्या टेस्टला काढतात तसा आठ काढा. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय. दोन्ही बाजूंची वळणं सारखी वाटली पाहिजेत. डावं वळण सहज आणि उजवं ओढून घ्यावं लागत असेल तर गाडीत काहीतरी वाकडं आहे किंवा अडकतंय. शेवटी माणूस चालतो त्या वेगाने सरळ वीस-पंचवीस मीटर जा. चांगली गाडी हे कुरकुर न करता करते.

मालक मैदानात चालवू देत नसेल आणि "रोडवर एक राऊंड मारून बघा ना" म्हणत असेल, तर मैदानाचाच आग्रह धरा. रोडवरच्या राउंडमध्ये हा दोष दिसतच नाही.

कोन सेट घरी कसा तपासायचा?

हँडल ज्या नळीत फिरतं तिच्या वर आणि खाली वाट्या आणि कोन बसवलेले असतात आणि त्यांच्यामध्ये छर्रे असतात. पुढच्या चाकाला बसणारा प्रत्येक धक्का याच छर्‍यांवरून चेसिसमध्ये जातो.

पुढचं चाक उचललेल्या अवस्थेत तीन गोष्टी करा.

हँडल सरळ ठेवा आणि एका बोटाने हलकासा धक्का द्या. ते आपल्या वजनाने टोकापर्यंत पडलं पाहिजे, दोन्ही बाजूंना सारखं. मध्येच थांबलं तर जड आहे. नव्या गाडीतही केबलमुळे थोडा अडथळा येतो. शंका असेल तर क्लच आणि ब्रेकच्या केबल लिव्हरमधून सोडवून परत बघा. अडथळा तेव्हा गेला तर दोष केबलचा.

मग दोन बोटांनी हँडल अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे आणा. मधोमध येताना डोळे मिटून घ्या. हसू नका, डोळे मिटले की हाताला जास्त कळतं. कोन झिजलेले असतील तर सरळ रेषेत हँडल खाचेत बसल्यासारखं थांबतं आणि पुढे जायला टिचभर जोर मागतं. ही खाच हळूमध्ये फार त्रास देते, कारण सावरण्याच्या बारीक हालचाली नेमक्या तिथेच होत असतात. गाडी सरळच जायला बघते, तुम्ही वळवता, ती उडी मारून वळते.

तिसरं, शॉकअपचे खालचे भाग दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे हलवा. टकटक लागली तर ढिलेपणा आहे. पण शॉकअपचे बुश झिजले तरी अशीच टकटक येते. फरक ओळखायचा तर दुसऱ्या माणसाला नळी आणि खालचा क्लॅम्प यांच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. त्याच्या बोटाला हालचाल लागली तर कोन सेट. तिथे शांत आणि खाली हलतंय, तर शॉकअप. पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे ढकलण्याची पद्धतही चालते, पण ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेक प्लेटची हालचालही त्यात मिसळते आणि गोंधळ होतो.

कधी गॅरेजात कोन सेट उघडताना उभं राहायची संधी मिळाली तर जरूर उभे राहा. गेलेल्या सेटच्या खालच्या कोनवर छर्‍यांच्या अंतराने बारीक खळगे पडलेले दिसतात. नख फिरवलं की ते प्रत्येक खळग्यात अडकतं, आणि ग्रीसच्या जागी तपकिरी कोरडी पूड असते. हे खळगे पडतात कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते आणि खड्ड्यांचे धक्के वर्षानुवर्षं त्याच त्या जागी बसतात.

मिस्त्री म्हणतो, "काही नाही, कोन सेट टाईट करून देतो." करू द्यायचं का?

आधी विचारा, ढिला आहे का? टकटक लागत असेल तर टाईट करणं बरोबर. पण गाडी डुलते, हँडलला खाच लागते आणि उपाय म्हणून टाईट केलं, तर दुखणं वाढतं. टकटक बंद होते आणि गाडी घट्ट वाटते, म्हणून मालक खूश होऊन जातो. सिग्नलला मात्र गाडी आधीपेक्षा जास्त डुलते. सेकंड हँड गाड्यांमध्ये हे फार दिसतं, कारण विकण्याआधी कोणीतरी टकटक लपवायला नट आवळलेला असतो. झिजलेला कोन आवळून बरा होत नाही, बदलावाच लागतो.

आवळण्याची पद्धतही बघा. त्या खाचांच्या गोल नटाला हूक पाना लागतो. पुष्कळ ठिकाणी छिन्नी लावून हातोड्याने ठोकतात. नटाच्या खाचांच्या कडा चेपलेल्या दिसल्या तर हे काम आधी झालंय असं समजा, आणि किती ताण दिलाय ते ठोकणाऱ्यालाही माहीत नसणार. दुसरी गंमत अशी की वरचा मोठा नट शेवटी कसला की आतला ताण थोडा वाढतो. म्हणून सगळं कसून झाल्यावर बोटाची परीक्षा परत घ्यावी लागते. ती न घेता गाडी हातात दिली तर तुम्ही स्वतः घ्या, तिथेच, पैसे द्यायच्या आधी.

हवा किती ठेवू? पंपावरचा पोरगा सगळ्यांना पस्तीस भरून देतो.

कंपनीने दिलेला आकडा चेन कव्हरवर किंवा स्विंग आर्मवर (मागचं चाक धरणारा चिमटा) स्टिकरवर असतो, नाहीतर पुस्तिकेत. १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना पुढे २५ आणि एकट्यासाठी मागे २८ पीएसआय सांगितलेली असते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा बराच वाढतो, पुढचा नाही.

पुढची हवा कमी असली की हळूमध्ये हँडल जड होतं. वळवायला जोर लागतो, आणि वळलं की गाडी एकदम आत पडते, आपण ढकलल्यासारखी. पंधरा-सोळावर आलेला पुढचा टायर डोळ्याला चपटा दिसत नाही, म्हणून अंगठ्याने दाबून "हवा आहे" म्हणू नका. उलट जास्त हवा भरली तर हँडल हलकं होतं, पण सिमेंट रोडच्या प्रत्येक सांध्यावर गाडी टणकन उडते आणि रेतीवर पकड राहत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात एक काळजी घ्यायची. हवा सकाळी, गाडी फार न चालवता तपासा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की साधारण १ पीएसआय वाढते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेलेला असताना, तापलेल्या रस्त्यावरून आलेल्या टायरमधली हवा जास्त दाखवते. ती बघून काढून टाकली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर.

टायर तर नवीन दिसतोय. त्यात काय बघायचं?

आधी साईज. हौशी मालक पुढे जाड टायर टाकतात. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाडीला मूळचा २.७५-१८ आहे आणि त्या जागी रुंद टायर बसवलाय, तर गाडी दिसायला भारी होते आणि वळायला आळशी. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याचा गोलावाही बदलतो. शंका आली तर मूळ साईज पुस्तिकेत बघा, विकणाऱ्याच्या तोंडावर विसंबू नका.

मग आकार. रोज हायवेवर सरळ चालणाऱ्या गाडीचा टायर मधोमध सपाट होतो. बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीत ड्युटीला जाणाऱ्यांच्या गाड्यांत हे खूप दिसतं. असा टायर सरळ चालताना ठीक असतो. वळवताना आधी कडेवर चढायला नकार देतो आणि चढला की धपकन पडतो. मागचा टायर असा झाला तरी पुढे हँडलमध्येच काहीतरी गडबड आहे असं वाटतं. टायरच्या कडेवर हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागत असेल तर तो खड्ड्यांसारखा झिजलाय.

बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर आणि टायर सात-आठ वर्षं जुना, असं असेल तर रबर कडक झालेलं असतं. बाणाची खूणही बघा. पंक्चरवाल्याकडून टायर उलटा बसलेला सापडतो.

"हँडल डावीकडेच ओढून राहिलं." रस्त्याचा उतार तर नाही?

असू शकतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो आणि आपण डावीकडून चालतो, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे जाणारच. सिमेंट रोडच्या कडेला जिथे गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) सुरू होतात तिथे तर पातळी बदलते आणि चाक त्या कडेला धरून चालायला बघतं. तो गाडीचा दोष नव्हे. सपाट मैदानात दोन्ही दिशांनी चालवून बघा. दोन्हीकडे डावीकडेच ओढत असेल तर मग गाडी.

सगळ्यात स्वस्त कारण मागच्या चाकाचं असतं. चेन टाईट करताना एका बाजूचा स्क्रू जास्त ओढला की मागचं चाक तिरपं बसतं. दोन्हीकडच्या खुणा सारख्या दिसल्या म्हणून विश्वास ठेवू नका. जुन्या गाडीत त्या खुणाही चुकलेल्या असतात. सुतळी घ्या. मागच्या टायरला मागून वळसा देऊन दोन्ही टोकं जमिनीपासून सारख्या उंचीवर, शक्य तेवढी वर, पुढे आणा. सुतळी दोन्ही बाजूंना मागच्या टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेला टेकलेली हवी. पुढचं चाक सरळ केलं की त्याच्या दोन्ही बाजूंना सुतळीपासून सारखं अंतर राहिलं पाहिजे. एका बाजूला जास्त आहे? आधी मागचं चाक नीट करा आणि परत मोजा. तरी फरक राहिला तर शॉकअप किंवा चेसिस वाकलंय.

चिमट्याचे, म्हणजे स्विंग आर्मचे, बुशही याच वेळी बघून घ्या. मागचं चाक उचलून आडवं हलवलं आणि चिमटा बुडाशी हलला तर बुश गेले. अशा गाडीचं मागचं चाक वळणात स्वतःच दिशा बदलतं आणि चालवणारा बिचारा हँडलला दोष देतो.

हँडल सरळ धरलं की चाक वाकडं दिसतं. अपघाताची गाडी?

घाबरू नका लगेच. गाडी उभ्या उभ्या पडली तरी शॉकअप क्लॅम्पमध्ये थोडे पिळले जातात. क्लॅम्पचे आणि अॅक्सलचे बोल्ट सैल करून, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि परत ठरलेल्या ताणाने कसलं की काम होतं. चांगला मिस्त्री हे पाऊण तासात करतो. सरळ केल्यावर परत पिळ आला, किंवा शॉकअप दाबल्यावर अडखळत खाली-वर होतात, तर शॉकअपची नळी वाकली आहे. एका शॉकअपमध्ये तेल कमी, दुसऱ्यात जास्त, हेही होतं. ऑईल सील गळून गेलेल्या गाडीत फक्त गळणाऱ्या बाजूला तेल भरून देतात.

चेसिस मार खाल्लेलं कसं ओळखायचं?

टाकीखाली, हँडलच्या नळीजवळ बघा. मोबाईलचा टॉर्च लावा. रंगाला तडे, रंगाची सुरकुती, वेल्डिंगची नवी रेघ, किंवा फक्त त्याच जागी मारलेला ताजा काळा रंग, यातलं काही दिसलं तर गाडी तिथेच सोडा. हँडल टोकाला जिथे थांबतं तिथले स्टॉपर बघा. एक चेपलेला आणि दुसरा कोरा म्हणजे चाक त्या बाजूला जोरात आपटलंय. लॉक तोडून चोरलेल्या गाडीतही हँडलला हिसका दिलेला असतो आणि तिथेच खूण राहते.

बऱ्याच मोटरसायकलींचा चेसिस नंबर याच नळीवर कोरलेला असतो. म्हणजे तिथलं वेल्डिंग किंवा नवा रंग हा हँडलच्या प्रश्नापुरता राहत नाही, कागदांचाही होतो. आरसीवरचा नंबर अक्षर-अक्षर जुळवा.

पासिंगवरूनही, म्हणजे नंबर प्लेटवरच्या आरटीओच्या आकड्यावरून, थोडा अंदाज येतो. एमएच ३१ आणि ४९ शहरातलं, एमएच ४० ग्रामीणचं. ग्रामीणची गाडी वाईट असं मुळीच नाही, पण काटोल-उमरेडकडच्या पांदण रस्त्यांवर चाललेली असेल तर कोन सेट आणि चिमट्याचे बुश नीट बघा.

पुरात बुडालेली गाडी असेल तर?

सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा कित्येक दुचाकी रात्रभर पाण्यात होत्या. त्यांतल्या पुष्कळ धुऊन-पुसून चालूही झाल्या. इंजिन उघडून साफ करतात, कोन सेट कोणी उघडत नाही. पाणी आणि बारीक गाळ आत राहतो, ग्रीस धुऊन जातं, आणि वर्ष-दीड वर्षाने हँडल करकरायला लागतं. एअर फिल्टरच्या डब्यात, सीटखाली, हेडलाईटच्या आत गाळाची रेघ दिसते का बघा. दिसली तर कोन सेट, दोन्ही चाकांची बेअरिंगं आणि चिमट्याचे बुश यांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

वॉशिंग सेंटरचं प्रेशर हेही एक छोटं पूरच आहे. हँडलच्या सांध्यावर जवळून फवारा मारू देऊ नका.

केबल आणि वायरिंगचा खरंच एवढा संबंध असतो?

जुन्या गाडीत असतो. आधीच्या मालकाने जादा हॉर्न, एलईडी लावलेले असतात आणि वायरींचा गठ्ठा नळीजवळ टेपने बांधलेला असतो. हँडल वळलं की तो गठ्ठा दाबला जातो. उंच हँडल बसवलं आणि केबल जुन्याच ठेवल्या तर त्या ताणतात. एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला मोकळं, अशी तक्रार असेल तर कोन सेट उघडण्याआधी हे बघा. फुकटचं काम आहे.

कमी वेगात गाडी झटके देते, तेही हँडलमध्येच जाणवतं. तोच दोष?

वेगळा, पण परिणाम सारखा. चेन फार ढिली, अॅक्सिलरेटरच्या केबलला जास्त खेळ, किंवा क्लच एकदम धरतो, यातलं काहीही असलं तर वळणात गाडी झटका खाते आणि हात आपोआप हँडल घट्ट पकडतो. पुढचा ब्रेक किंचित लागून राहत असेल तर वळणात गाडी उभी व्हायला बघते. चाक उचलून फिरवा. मोकळं फिरून हळूहळू थांबलं पाहिजे.

मी स्प्लेंडरवरून बुलेटवर आलोय. गाडी खराब की मीच?

दोन्ही शक्यता खुल्या ठेवा. स्प्लेंडर एकशे दहा-बारा किलोची, बुलेटच्याच घरातली २०२१ नंतरची क्लासिक ३५० ही १९५ किलोची. पुढचं चाकही अठरा इंचाऐवजी एकोणीस. हळूमध्ये हा फरक जाणवतोच आणि तो दोष नाही. ओळखायचं कसं? तशीच दुसरी गाडी, चांगली राखलेली, कोणाकडून तरी पाच मिनिटं मागून घ्या आणि त्याच मैदानात तोच आठ काढा. तिच्यावर जमलं आणि आपल्या गाडीवर नाही, तर गाडी. दोन्हीवर नाही जमलं तर कोपरं सैल सोडा, नजर चाकासमोरच्या जमिनीवरून उचलून जिथे जायचंय तिथे ठेवा, अॅक्सिलरेटर स्थिर आणि मागचा ब्रेक हलका. पुढचा ब्रेक वळणात नकोच.

विकणाऱ्याशी भाव कसा करायचा?

हवा, केबल, चेन, मागच्या चाकाची रेषा यांच्यावर भाव पाडायला जाऊ नका, हसं होतं. कोन सेट, टायर, बुश, शॉकअप यांच्यावर नक्की पाडा. १०० सीसीच्या गाडीचा कोन सेट काही शे रुपयांत येतो, मजुरी वेगळी. टायरचा खर्च त्याहून मोठा. चेसिसवर शंका असेल तर मात्र भावच करू नका. पाच हजार कमी करून देतो म्हणाला तरी नको.

नवा कोन सेट बसवताना मिस्त्रीला काय सांगू?

पूर्ण सेट बदला, नुसते छर्रे नकोत. जुन्या खळग्यांवर नवे छर्रे टाकले की खाच तशीच राहते. वरच्या-खालच्या वाट्या चेसिसमध्ये पूर्ण टेकेपर्यंत आणि सरळ बसल्या पाहिजेत. तिरपी बसलेली वाटी पुढे कितीही आवळा-सोडा, एका बाजूला जड राहते. सुटे छर्रे असतील तर मोजून भरायचे आणि ग्रीस सढळ हाताने. शक्य असेल तर काम होईपर्यंत तिथेच थांबा, आणि काढलेला जुना सेट मागून घ्या.

नवा सेट चालून चालून बसतो आणि थोडा ढिला होतो, म्हणून पाचशे ते हजार किलोमीटरनंतर गाडी परत दाखवायची. ही दुसरी फेरी बहुतेक लोक विसरतात. त्या वेळचं ताण जुळवणं मजुरीतच धरलंय का, ते पहिल्या दिवशी विचारून ठेवा.

स्कूटरला हेच लागू आहे?

कोन सेट आणि हवेचं सगळं लागू आहे. पण दहा-बारा इंचाच्या चाकांमुळे स्कूटरचं हँडल मुळातच चपळ असतं, त्यामुळे मोटरसायकलवरून आलेल्याला चांगली स्कूटरही डुलल्यासारखी वाटते. बोटाची परीक्षा घ्या. तिच्यात पास झाली तर गाडीला आठवडाभर द्या, मग बोला.